ग्रंथपाल म्हणजे कारकून नव्हे

आखातातील आपल्या कुटुंबांत मुलाने संगणकशास्त्र घेतले की पेढे वाटले जातात; मुलीने ग्रंथालय व माहितीशास्त्र घेते म्हटले की घरावर अवकळा पसरते. "पुस्तकांवर शिक्के मारायला का आम्ही या वाळवंटात हाडे झिजविली?" हा प्रश्न शारजातील एका घरी मी स्वतःच्या कानांनी ऐकला. मी वैद्यकाचा माणूस. तरीही या तुच्छतेस उत्तर देणे मला भाग आहे.

माहितीशास्त्राला स्वतःचा सिद्धान्त नाही, ते संगणकाचे शेपूट आहे, असे सुशिक्षितही बोलतात. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली माहितीचे गणिती माप सांगितले, हे खरे. परंतु संदेशाचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांनी अभियंत्याच्या कक्षेबाहेर ठेवला. संदेश बिनचूक पोहोचविणे हे तारेचे काम. तो कोणाला हवा आहे, हे तारेस ठाऊक नसते. माहितीशास्त्राचा आरंभ नेमका तेथूनच होतो. गणिताचे अध्यापक असलेले शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ साली त्यांनी पाच सूत्रे मांडली. ग्रंथ वापरासाठी आहेत आणि प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, ही त्यांतील पहिली दोन. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरबंदी होती, त्याला या सूत्रांचे मोल दुसऱ्याने समजावून सांगावे काय?

मांडणी निष्पाप असते, हाही एक भ्रमच. मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात धर्मासाठी २०० ते २९९ हे आकडे आहेत. पुढे रूढ झालेल्या विभागणीत २२० ते २८० पर्यंतची दालने ख्रिस्ती धर्माने व्यापली. जगातील उरलेले सारे धर्म २९० मध्ये कोंबले गेले, आणि बुद्धाच्या वाट्याला २९४.३ आले. आकडा कोण ठरवितो, यावर कोण कोठे सापडेल हे ठरते.

माझ्या व्यवसायातील एक अनुभव सांगतो. आपल्याच एका कामगाराचे नाव दोन ठिकाणी दोन प्रकारे लिहिले गेले आणि त्याच्या दोन फायली झाल्या. पेनिसिलिन सोसत नाही, ही नोंद एकीत, माझ्यापुढे दुसरी. तो वाचला, पण दोन दिवस त्याच्या उशाशी मी जे भोगले ते विसरलेलो नाही. माहिती होती, ती सापडली नाही. औषधाचा दोष नव्हता, यंत्राचाही नव्हता.

बाबासाहेबांचे अप्रकाशित लेखन १९५६ नंतर पेट्यांत पडून राहिले. महाराष्ट्र शासनाच्या खंडांतून, वसंत मून यांच्या संपादनाखाली, त्याचा मोठा भाग १९८७ पासून बाहेर येऊ लागला. मधली एकतीस वर्षे कोणाची गेली? ज्या दुबईत आपण राहतो, तेथे जुमा अल माजिद केंद्र जुनी हस्तलिखिते दुरुस्त करून जपते. आपल्या मंडळाच्या पहिल्या जयंतीची छायाचित्रे, वर्गणीच्या वह्या, मायदेशाहून आलेली पत्रे कोणाच्या माळ्यावर आहेत, हे आज एकाही पदाधिकाऱ्यास सांगता येणार नाही. मी तिघांना विचारून पाहिले. तिघांनी एकमेकांची नावे सांगितली.

शारजातील त्या मुलीचा प्रवेश-अर्ज अजून टेबलावरच आहे. तिच्या वडिलांनी सही केलेली नाही.