विश्लेषण : मनोरुग्ण घरी गेल्यावर त्याची जबाबदारी कोणाची?

मनोविकारांवर औषधे आहेत, टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांकही आहे. तरीही बरे वाटू लागल्यावर घरी गेलेले अनेक रुग्ण काही महिन्यांत पुन्हा दाखल होतात. गोळ्या संपतात, रुग्णालयाची फेरी म्हणजे घरातल्या दोघांची मजुरी बुडते, तपासणीची तारीख चुकते आणि ती चुकल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. हा तुटणारा धागा सांभाळणारी पद्धत म्हणजे ‘केस मॅनेजमेंट’.

केस मॅनेजर काय करतो?

तो औषध देत नाही. पुढची तपासणी कुठे, गोळ्या कुठे मिळणार, झोप उडाली किंवा संशय वाढला तर फोन कोणाला करायचा, हे तो रुग्ण दाखल असतानाच त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून ठरवतो. नंतर घरी भेट देतो, तारीख चुकली तर विचारपूस करतो, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा काम मिळवण्यासाठी मदत करतो. व्यसनमुक्तीनंतरही अशी सोबत लागते.

याचा उपयोग होतो का?

सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांसोबत प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांची मदत मिळाली. वर्षभरानंतर त्यांची लक्षणे आणि दैनंदिन कामांतील अडचणी इतरांपेक्षा अधिक कमी झाल्या. फरक माफक होता. पण हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, हे महत्त्वाचे.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९८ नुसार रुग्णाला घरी सोडताना पुढील उपचारांबाबत त्याच्याशी, त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीशी आणि सांभाळ करणाऱ्यांशी चर्चा करणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका यांची पदेही आहेत.

मग अडते कुठे?

सगळ्यांचे काम ते कोणाचेच नाही, इथे. किती रुग्ण तपासले हे मोजणे सोपे. किती जण परत आलेच नाहीत, हेही मोजायला हवे. मात्र पाठपुरावा म्हणजे पाळत नव्हे. दारात सरकारी गाडी थांबली की गावभर चर्चा होते. त्यामुळे भेट घरी, दवाखान्यात की फोनवर, हे रुग्णाला विचारूनच ठरावे.

सुरुवात छोटी असू शकते. डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली एका माणसाचे नाव आणि फोन क्रमांक असावा. आणि रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही, तर त्या माणसानेच आधी फोन करावा.