डिसेंबरचं उलटं पंचांग

नोव्हेंबर लागला की ट्रेक करणाऱ्या मित्रमंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. "आम्ही दोघंच आहोत, चालायची सवय आहे, वर्षअखेरची आठ-नऊ दिवसांची सुट्टी जुळतेय. कुठे जावं?" उत्तरंही ठरलेली असतात. केदारकंठा, मनाली, गुलमर्ग. एखादा बिचारा "साल्हेर-मुल्हेर करा की" असं सुचवतो. त्यावर सगळे हसतात, कुणीतरी "ते काय, कधीही होईल" म्हणतं आणि विषय पुन्हा बर्फाकडे वळतो.

मला त्या बिचाऱ्याची वकिली करायची आहे. पुण्या-मुंबई-नाशिकच्या, पायांत दम असलेल्या जोडप्यानं डिसेंबरची सुट्टी बर्फाच्या मागे धावण्यात घालवू नये. आपण पंचांग उलटं धरलंय. सह्याद्रीत जातो भर पावसात, तो सगळ्यात निसरडा असतो तेव्हा. आणि हिमालयात जातो डिसेंबरात, तिथला दिवस सगळ्यात लहान आणि वाट सगळ्यात बेभरवशाची असते तेव्हा. "कधीही होईल" म्हणत ज्याला बाजूला सारतो, त्या सह्याद्रीचा खरा मोसम नेमका हाच आहे.

आधी साधा हिशोब करू. केदारकंठ्याला जायचं तर देहरादून गाठण्यात एक दिवस जातो. तिथून सांक्री सुमारे २०० किलोमीटर, पण रस्ता घाटाचा, म्हणजे दुसरा दिवस गाडीत. परतीचे तेवढेच. उरलेल्या चार दिवसांपैकी पहिल्या दोन दिवसांची चाल चार-पाच तासांची, दुपारीच तंबू गाठलेला असतो. शिखराचा एक दिवस मोठा, मग उतरण. आठ दिवसांत तुमचे पाय वीस-पंचवीस तास चालतात. सांक्रीला जायचे-यायचे गाडीतले तास मोजलेत, तर तेही जवळपास तेवढेच भरतात! एरवी शनिवार-रविवारी ऊर फुटेस्तोवर चढणाऱ्या माणसांनी वर्षातली सगळ्यात मोठी सुट्टी टेम्पो ट्रॅव्हलरच्या मागच्या सीटवर उलटीची गोळी चघळत घालवायची, याला काय म्हणावं?

आणि ते चार दिवस तरी कसे? मी त्या रांगेत चाललेय, म्हणून सांगते. पुढे माणूस, मागे माणूस, सगळ्यांच्या बुटांना सारखेच क्रॅम्पॉन. शिखरासाठी मध्यरात्रीनंतर निघायचं, अंधारात हेडलॅम्पची माळ वर सरकत राहते, आणि माथ्यावर फोटोसाठी पुन्हा रांग. कधी उठायचं, कुठे थांबायचं, काय खायचं, परत कधी फिरायचं, हे सगळं कंपनीनं आधीच ठरवलेलं असतं. तिथे ते तसंच असायला हवं, कारण सांक्री सुमारे १,९५० मीटरवर आणि केदारकंठा सुमारे ३,८०० मीटरवर आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं वैद्यकीय मार्गदर्शन सांगतं. चार दिवसांत उरकायचा हा कार्यक्रम त्या मर्यादेच्या अगदी काठावरून जातो. अशा ठिकाणी वाटाड्याचं ऐकायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. पण मग ती सहल तुमची उरत नाही. तुम्ही बॅचमधल्या दोन जागा असता.

मनालीची गोष्ट तर याहून वेगळी. २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि हिवाळ्यात लाहौलकडे जाणं सोपं झालं. स्थानिकांसाठी हे फारच चांगलं झालं. पर्यटकांनी त्याचं काय केलं? डिसेंबर २०२४ मध्ये बर्फ पडू लागल्यावर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकून पडल्या, पोलिसांना लोकांना बाहेर काढावं लागलं. त्या गाड्यांमध्ये चालायला आसुसलेली किती जोडपी असतील, जी काचेतून बर्फ बघत बसली असतील?

आता पंचांगाची दुसरी बाजू. जून-जुलैत आपल्याकडे जे चालतं त्याला मी ट्रेकिंग म्हणत नाही. लोणावळ्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, हरिहरच्या कातळपायऱ्यांवर माणसांची रांग, धबधब्याखाली स्पीकर. ३० जून २०२४ ला भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याचा जुना पूल गर्दीसकट इंद्रायणीत कोसळला आणि चार जण गेले. दर पावसाळ्यात प्रशासन कुठे ना कुठे बंदी घालतं, दर पावसाळ्यात आपण तिला शिव्या घालतो. धुक्यात दहा फुटांपलीकडचं दिसत नाही, कातळावर शेवाळ असतं, ओढा तासाभरात छातीएवढा होतो. तरी आपला "सीझन" तोच, कारण हिरवा रंग रीलमध्ये छान दिसतो.

डिसेंबरातला सह्याद्री हिरवा नसतो, पिवळा असतो. गवत वाळून सोनेरी झालेलं, कारवीची पानं झडत आलेली, कातळ कोरडा, बुटाला धरून ठेवणारा. पावसानं धुतलेली हवा अजून बऱ्यापैकी स्वच्छ असते. कळसूबाई १,६४६ मीटर, आपल्या राज्यातली सगळ्यात उंच जागा. तिथून अलंग-मदन-कुलंगची रांग एकेका कड्यासकट मोजता येते. गडावरच्या टाक्यांत पाणी असतं, जे मार्च-एप्रिलपर्यंत बऱ्याच ठिकाणी तळाला जातं. दिवस अकरा तासांचा, दुपारीही डोकं तापत नाही, रात्री स्लीपिंग बॅगची चेन गळ्यापर्यंत ओढावी इतकी थंडी. चालणाऱ्याला आणखी काय हवं?

आणि त्याच नऊ दिवसांत काय काय बसतं ते बघा. मुंबईहून रात्री निघालात तर पहाटे रतनवाडीत असता. रतनगड चढा, नेढ्यात बसून वारा खा, मग कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत, पाचनई करत तिसऱ्या दिवशी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर. एक दिवस आराम. मग बागलाणात साल्हेर, १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ मध्ये मराठ्यांनी मुघलांना मोकळ्या मैदानात ज्याच्या पायथ्याशी हरवलं, तो हा. शेजारी मुल्हेर, मोरा आणि हरगड आहेतच. तरी दोन दिवस उरले, तर तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून डोंगरधारेनं राजगडाच्या संजीवनी माचीवर या. गिर्यारोहणाचं शिक्षण आणि जाणता माणूस सोबत असेल, तर दोर घेऊन अलंग-मदन-कुलंग आहे. सांधण दरीत पावसाळ्यात पाणी घुसतं, तिची वाट हिवाळ्यातच खुलते.

डोंगर नको असेल तर सायकली काढा. दिघीहून मालवणपर्यंत किनाऱ्यानं जा. वाटेत बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा फेरीबोटींत सायकल चढवायची, पलीकडे उतरायचं, पुन्हा चढ सुरू. कोकणातले चढ घाटाएवढे उंच नाहीत, पण ते संपतच नाहीत, मांड्यांची परीक्षा बघतात. शेवटी मालवणला पाण्याखाली डोकं घालायचं. पावसात बंद असणारं स्कूबा आणि स्नॉर्केलिंग या दिवसांत सुरू असतं.

पण माझा खरा मुद्दा तासांचा किंवा पैशांचा नाही. दोघांनी मिळून चालणं म्हणजे दोघांनी मिळून ठरवणं. पाणी तीन लिटर पुरेल की चार? ही ढोरवाट आहे की गडवाट? साडेतीन वाजलेत, पुढची सोंड गाठायची की इथूनच मागे फिरायचं? कातळात आग्या मोहळ दिसतंय, तर सेंट मारून आलेल्या आपल्या माणसाला आधी कोण झापणार? एकाला थांबायचंय, दुसऱ्याला रेटायचंय, आणि तिसरं कुणी निर्णय द्यायला नाही. एकमेकांचा स्वभाव इथे कळतो. कोण दमल्यावर गप्प होतं, कोण चुकलेली वाट कबूल करायला वीस मिनिटं लावतं, कोण शेवटचा घोट दुसऱ्यासाठी ठेवतं. बॅचच्या रांगेत हे कळायला जागाच नसते. तिथे भांडण झालंच तर तंबूत कुणी कुठल्या बाजूला झोपायचं यावर होतं.

समोरून येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, बर्फ एकदा तरी बघायला नको का? बघा की! पण बर्फ बघणं आणि चालणं ही दोन वेगळी कामं आहेत. बर्फ बघायला आई-बाबांना घेऊन जा, त्यांनाही तो हवा असतो. सांक्रीच्या माणसांचं पोट ट्रेकिंगवर चालतं, त्यावर पाय द्यायची माझी इच्छा नाही. हिमालयात चालायचंय तर मे-जूनमध्ये किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, उंचीची सवय व्हायला दोन दिवस जास्तीचे ठेवा, दिवसही मोठा मिळेल.

दुसरा, थर्टी फर्स्टला गडांवर दारूड्यांची गर्दी असते. असते, पण ती नावाजलेल्या चार-पाच गडांवर. बागलाणातल्या आडबाजूच्या गडांवर जा, आणि ३१ तारखेची रात्र गडावर न काढता पायथ्याच्या गावात काढा. मुक्कामाचे आणि वनखात्याचे नियम आधी विचारून घ्या.

तिसरा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. पायथ्याच्या घरात मुक्काम मागितला की पहिला प्रश्न येतो, "लग्न झालंय ना?" मलाही तो विचारला गेलाय. लग्न न झालेली कितीतरी जोडपी दूरच्या बॅचमध्ये नाव नोंदवतात, त्यामागे बर्फापेक्षा हा प्रश्न असतो, असं माझं मत आहे. तिथे कुणी विचारत नाही, ओळखीचं कुणी भेटत नाही. आणि बऱ्याच गडांवर शौचालय नाही. बाईमाणूस मग पाणी कमी पिते, जे चढणीवर सगळ्यात घातक. कंपनीच्या कॅम्पवर निदान टॉयलेटचा तंबू तरी असतो. माझ्या बाजूचा हा सगळ्यात लंगडा मुद्दा आहे आणि तो मी झाकणार नाही.

पण लंगडा पाय बरा करायचा असतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यातले ११ महाराष्ट्रातले. साल्हेर आणि राजगड त्यात आहेत. तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या गडांच्या पायथ्याशी बाईला कडी लावता येईल असं स्वच्छ शौचालय मागणारे स्टेटस किती होते? तुम्ही डिसेंबरात तिथे फिरकलातच नाहीत, तर मागणार तरी कोण? दर हिवाळ्यात दोन-दोन जणांच्या जोड्या येऊन राहायला लागल्या, भाकरी-पिठल्याचे पैसे द्यायला लागल्या, तर "लग्न झालंय ना" या प्रश्नाची धारही हळूहळू बोथट होईल. पावसाळी शनिवारची झुंड हे बदल घडवत नाही. ती येते, भिजते, कचरा टाकते, जाते.

म्हणून तिकिटं काढण्याआधी दोघांनी एक कागद घ्या. एका बाजूला गाडीत बसायचे तास लिहा, दुसऱ्या बाजूला स्वतःच्या पायांनी चालायचे. मग त्यातल्या किती तासांचा निर्णय तुम्ही दोघांनी घेतलेला असेल, तेही लिहा. एवढं करूनही सांक्रीच जिंकली तर खुशाल जा, गरम मोजे जास्तीचे घ्या. साल्हेर जिंकला तर मात्र "ते काय, कधीही होईल" म्हणणाऱ्यांना सांगू नका. डिसेंबरात तिथे फारशी गर्दी नसते, ती तशीच राहू दे.