मांजर मोकळं, पाखरंही सुखरूप

बेडफर्डशरमधल्या फेल्मर्शम गावात १९८० च्या दशकात पीटर चर्चर आणि जॉन लॉटन या संशोधकांनी मांजरं पाळणाऱ्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या दिल्या. मांजर जे मारून घरी आणेल, ते पिशवीत घालून ठेवायचं. वर्षभरात सत्तरेक मांजरांच्या नावावर हजाराहून जास्त शिकारी जमा झाल्या. त्यांत उंदीर, चिचुंद्र्या होत्या, तशा चिमण्याही. गावात मेलेल्या चिमण्यांपैकी किमान ३० टक्के मांजरांनी मारल्याचा अंदाज निघाला.

ब्रिटनमधलं मांजर दाराच्या झडपेतून मनात येईल तेव्हा बाहेर पडतं. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही यात वावगं वाटत नाही. आपल्याकडे तरी मांजराला कोण बांधून ठेवतं?

मांजरांमुळे देशभरातले पक्षी घटले, असा ठोस पुरावा नाही, असं पक्षिसंरक्षण करणारी ‘आरएसपीबी’ ही मोठी संस्थाच सांगते. पण देशाचा हिशेब वेगळा आणि एखाद्या माळरानाचा वेगळा. लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे-बर्कशर-हॅम्पशरमध्ये पसरलेल्या थेम्स बेसिन हीथ्सवर रातवा थेट जमिनीवर अंडी घालतो. चंडोलाच्या कुळातला वूडलार्कही जमिनीवरच घरटं करतो. त्यांच्या पिल्लांना मांजरापासून आडोसा तो कसला? म्हणूनच या संरक्षित माळांपासून ४०० मीटरच्या आत सहसा नवी घरं बांधू दिली जात नाहीत, आणि त्यामागच्या कारणांत मांजरांचंही नाव आहे. त्या पट्ट्यातल्या जुन्या घरांमधली मांजरं मात्र तशीच मोकळी आहेत.

जर्मनीतल्या वॉल्डॉर्फ शहराने २०२२ मध्ये तुरेवाल्या चंडोलासाठी एका भागातली मांजरं विणीच्या काळात घरात ठेवायला लावली. स्कॉटलंडमध्ये २०२५ च्या सुरुवातीला सरकारच्या सल्लागार आयोगाने नाजूक अधिवासांच्या आसपास अशा बंधनांचा विचार सुचवला, तेव्हा इतका गदारोळ झाला की मांजरांवर बंदी आणण्याचा विचार नाही, असं खुद्द फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांना सांगावं लागलं. विषय इतक्या घाईने मिटायला नको होता. सरसकट बंदी कोणालाच नको आहे, पण मोजक्या जागी, मोजक्या महिन्यांपुरती शिस्त लावायला काय हरकत आहे?

बाकी ठिकाणी कायद्याची गरजही नाही. एक्सेटर विद्यापीठाने इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या ३५५ मांजरांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. धान्य नसलेलं, भरपूर मांस असलेलं खाणं दिल्यावर घरी येणारी शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. काठीला बांधलेलं पीस फिरवायचं, मांजराला दबा धरून झेप घेऊ द्यायची आणि शेवटी चावायला खोटा उंदीर द्यायचा, एवढाच तो खेळ. गळ्यातल्या घुंगराचा या प्रयोगात काही उपयोग दिसला नाही.

याच्या जोडीला तिन्हीसांजेपासून सकाळ होईपर्यंत मांजर घरात ठेवावं. परसात जागा असेल तर जाळीचा बंदिस्त ‘कॅटिओ’ उभारावा. ऊन, वारा, गवताचा वास सगळं मिळतं आणि गाडीखाली येण्याची धास्तीही राहत नाही. खर्च होतो, हे खरं. म्हणून ४०० मीटरच्या पट्ट्यातल्या जुन्या घरांना अशा जाळीसाठी स्थानिक कौन्सिलने पैसे द्यावेत, आणि रातव्याच्या विणीच्या महिन्यांत तिथलं मांजर त्या जाळीतच राहील, एवढी अट घालावी.