मण्यांची माळ आणि सोनोग्राफीचा पडदा

वजन, उंची, डोक्याचा घेर या नोंदी आम्ही बालरोगतज्ज्ञ न चुकता करतो. मुलाच्या वृषणांची नोंद मात्र बहुतेक कार्डांवर कोरीच असते. आई संकोचते, मुलगा चड्डी घट्ट धरून बसतो, बाहेर रुग्ण ताटकळत असतात. मग डॉक्टरही ‘सोनोग्राफी करून आणा’ असे लिहून मोकळे होतात. माझा आक्षेप सोनोग्राफीला नाही; या मोकळे होण्याला आहे.

या ग्रंथीचा जीवनक्रम मोठा विलक्षण आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पियूषिका ग्रंथीची संप्रेरके एकाएकी वाढतात आणि वृषणेही वाढतात. सोनोग्राफीने मोजल्यास महिन्याच्या बाळात सुमारे पाव मि.ली. असलेले आकारमान पाचव्या महिन्यापर्यंत अर्ध्या मि.ली.च्या जवळ जाते आणि पुन्हा उतरते. त्यानंतर जवळपास दशकभर ती निद्रिस्त असतात. नऊ ते चौदा या वयात केव्हातरी जाग येते. मुलगा वयात येत असल्याची पहिली खूण मिसरूड नव्हे, घोगरा आवाजही नव्हे. वृषणांची वाढ हीच ती खूण होय. प्रौढपणी मण्यांच्या मापाने पंधरा ते पंचवीस मि.ली. भरणारी ही ग्रंथी कित्येक दशके तशीच राहते आणि उतारवयात सावकाश घटते. स्त्रियांच्या रजोनिवृत्तीसारखा ठळक विराम येथे नाही. आकारमानाचा बहुतांश भाग शुक्रजनक नलिकांचा असतो, म्हणूनच ते मोजण्याला अर्थ आहे.

मोजावे कसे? झुरिकचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्रादर यांनी 1966 मध्ये याचे अत्यंत साधे उत्तर दिले : एका दोरीत ओवलेले 1 ते 25 मि.ली. मापाचे बारा लंबगोल मणी. एका हाताने वृषण चाचपावे, दुसऱ्या हाताने मणी. सराफ्यातील जुने सोनार गुंजा जशा जपत, तशी ही माळ दवाखान्यात जपावी. 4 मि.ली.चा मणी जुळला की यौवनारंभ झाला, असे समजतात. चौदा वर्षे पूर्ण होऊनही तो जुळला नाही, तर तपास करावा.

गोंधळ होतो तो येथेच. मण्यांशी तुलना करताना बोटांना त्वचा आणि अधिवृषणही लागते. सोनोग्राफी केवळ ग्रंथी मोजते. शिवाय लांबी, रुंदी, जाडी यांचा गुणाकार कोणी 0.52 ने गुणतो, कोणी लॅम्बर्ट यांच्या सूत्राप्रमाणे 0.71 ने. त्याच मुलाचे, त्याच दिवशीचे उत्तर एक तृतीयांशाहून अधिक फरकाने येते! मण्याने 4 मि.ली. भरलेले वृषण पडद्यावर 2 मि.ली.च्या आसपास किंवा त्याहूनही कमी भरू शकते. अहवालात सूत्र लिहिलेले नसते. वाचणारा मण्यांचे कोष्टक मनात धरून वाचतो आणि अकरा वर्षांच्या निरोगी मुलावर ‘आकारमान कमी’ असा शिक्का बसतो. घरात रडारड होते, क्वचित टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांचीही भाषा होते. अवेळी दिलेल्या या औषधाने हाडांची टोके लवकर जुळून मुलाची उंची खुंटू शकते, हे त्या पालकांना कोण सांगणार?

याहून गंभीर प्रश्न न उतरलेल्या वृषणांचा आहे. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांमागे सुमारे तिघांत हा दोष जन्मतः असतो. त्यांतील बऱ्याच जणांत पहिल्या सहा महिन्यांत वृषण आपोआप उतरते. त्यानंतर वाट पाहण्यात लाभ नाही. अठरा महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, कारण उशिराने प्रजननक्षमता घटते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. हाताला न लागणारे वृषण शोधण्यात सोनोग्राफी निम्म्याहून अधिक वेळा अपयशी ठरते. अमेरिकेच्या मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेने 2014 मध्ये स्पष्ट लिहिले की, शल्यचिकित्सकाकडे पाठविण्यापूर्वी ती करूच नये. आपल्याकडे मात्र एका अहवालावरून दुसरा, ‘सहा महिन्यांनी पुन्हा’ असे करता करता मूल शाळेत जाऊ लागते. उबदार हात, शांत मूल, मांडी घालून बसवून केलेली तपासणी एवढ्यानेच वर सरकणारे वृषण आणि खरोखर न उतरलेले वृषण यांतील फरक बहुधा कळतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. पाच मिनिटे लागतात, आणि तीच आपण देत नाही.

वृषणाला पीळ पडल्यास तर घड्याळच वैद्य असते. साधारण सहा तासांत पीळ सुटला तर ग्रंथी वाचते. मुलगा लाजेने ‘पोट दुखते’ इतकेच सांगतो. त्याची चड्डी उतरवून पाहिली नाही तर निदान हुकलेच. लक्षणे स्पष्ट असताना सोनोग्राफीसाठी रेडिओलॉजिस्टची वाट पाहणे मला अक्षम्य वाटते.

सोनोग्राफीचे स्थान अर्थातच आहे. गाठ लागली, पाण्याने फुगलेल्या कोशात वृषण हाताला लागेना, किंवा किशोरवयात शिरा फुगून एक बाजू लहान राहते आहे असा संशय आला, तर अचूक आकडा हवाच. मात्र तो आकडा सूत्रासह लिहावा, दोन्ही बाजूंचा लिहावा, आणि पुढच्या वेळी त्याच पद्धतीने मोजावा. आमच्या रेडिओलॉजिस्ट मित्रांना एवढीच विनंती.

दर पाचशे ते हजार मुलग्यांमागे एकात क्लाइनफेल्टर दोष असतो. यौवनारंभ होऊनही वृषणे लहान आणि टणक राहतात. अनेकांचे निदान तिशीत, मूल होत नाही म्हणून, होते. तोवर कितीतरी डॉक्टरांनी त्यांना खोकल्याची औषधे दिलेली असतात. आपल्या मंडळाच्या शालेय आरोग्य शिबिरांत दृष्टी, दात आणि हिमोग्लोबिन यांचे रकाने आहेत. मुलग्यांसाठी आणखी एक रकाना वाढवावा, पालकांची संमती घेऊन पडद्याआड स्वतंत्र तपासणी व्हावी, आणि मण्यांच्या दोन माळा मंडळाने विकत घ्याव्यात, असे मी सुचवितो.