धुतल्यावर ग्रीस

गळीत हंगाम सुरू झाला की कराड-वाळवा पट्ट्यातल्या ट्रॅक्टरला आंघोळ अशी मिळतच नाही. मागं दोन ट्रॉल्या, रेठऱ्याचा कृष्णा कारखाना नाहीतर साखराळ्याचा राजारामबापू, रात्रभर नंबर लावून उभं राहायचं आणि उजाडलं की परत फडात. पाचटाचा भुसा रेडिएटरच्या जाळीत बसत जातो, हवा कोंडते आणि भरल्या ट्रॉलीनिशी चढाला इंजिन तापतं. ही जाळी पाण्याच्या जोरदार झोतानं साफ करू नये, पातळ पात्या मुडपतात. इंजिनाच्या बाजूनं बाहेर हवा मारली की भुसा आला तसा निघून जातो.

तासगावच्या द्राक्षबागांत दुखणं वेगळं. ऑक्टोबर छाटणीनंतर बोर्डो फवारणारा ब्लोअर सारखा चालू असतो. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद लोखंड खातं, चुना नोझलमध्ये घट्ट बसतो. फवारणी संपली की त्याच संध्याकाळी टाकीत स्वच्छ पाणी भरून ब्लोअर चालवावा आणि ट्रॅक्टरही धुवावा. सकाळपर्यंत थांबलं की थर वाळून चिकटतो.

धुण्याचीही रीत आहे. इंजिन निवू द्यावं, तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडा जाण्याची भीती असते. सेल्फ, अल्टरनेटर आणि एअर क्लीनरचं तोंड झाकून घ्यावं. पाटण-शिराळ्याकडं भाताची चिखलणी झाली की चाकाच्या आसाशी गुंडाळलेलं गवत आणि सुतळी आधी हातानं काढावी. ती ऑईल सील कापते, मग चिखलाचं पाणी आत शिरतं. गियरचं ऑईल ताकासारखं पांढरट दिसलं, तर पाणी शिरलंच म्हणून समजावं.

आणि खरं काम पाणी बंद केल्यावर सुरू होतं. झोताच्या दाबानं सांध्यांतलं ग्रीस निघून जातं, तिथं पाणी राहतं. म्हणून पुढच्या ॲक्सलचं प्रत्येक निपल आधी फडक्यानं पुसायचं, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. मग ग्रीस गन हळूहळू दाबत राहायचं. आधी काळं, पाणचट ग्रीस फुगून बाहेर येतं, त्यामागून नवं, स्वच्छ दिसलं की थांबायचं. घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि बेअरिंगं लवकर जातात.

अजूनही कित्येक ट्रॅक्टर कृष्णेच्या पात्रात उतरवून धुतले जातात. बेंदराला बैल नदीवर नेणं निराळं, डिझेल आणि काळं ऑईल नदीत सोडणं निराळं. त्याच पात्रातून गावोगावच्या पाणीयोजना पाणी उचलतात. हे थांबलंच पाहिजे, पण मग ट्रॅक्टर धुवायचा कुठं, याचं उत्तर कारखान्यांनी द्यावं. उसात 70 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, गाळपात ते वाफेवाटे कारखान्याच्या हाती येतं. नंबरासाठी शेकडो ट्रॅक्टर तासन् तास जिथं उभे असतात, त्या आवारात एक धुण्याचा रॅम्प, ऑईल अडवणारी टाकी आणि हवेचा कॉम्प्रेसर बसवणं कारखान्याला जड नाही. पुढच्या हंगामाची तयारी करताना संचालकांनी हा विषय बैठकीत घ्यावा आणि सभासदांनी तो लावून धरावा.