काठ कापू नका!

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांकडे फराळाला गेलो होतो. दिवाणखान्यात युरोपातली एक जुनी टॅपेस्ट्री चौकटीत बसवलेली. चित्र वर काढलेले नव्हे, रंगीत धाग्यांनी आत विणलेले. चौकटीत मावावी म्हणून तिचे काठ मात्र छाटलेले! ‘ही कुठली, कुणाची?’ मी विचारले. स्नेही हसले. ‘अहो, शोभते ना? मग गोत्र कशाला विचारता? सोयरीक का जुळवायची आहे?’

तेव्हा चकली तोंडात होती, म्हणून गप्प बसलो. आता बोलतो.

वाचकहो, टॅपेस्ट्रीचे गोत्र तिच्या काठातच असते. १५२८ पासून ब्रुसेल्सच्या विणकरांना शहराची खूण काठावर विणणे सक्तीचे झाले : लाल ढाल आणि दोन बाजूंना दोन ‘बी’. शेजारी विणकराची मुद्रा, कधी धन्याचे कुलचिन्ह. काठ छाटला की साक्षीदारच नाहीसा झाला.

रोमच्या बार्बेरिनी घराण्याचेच पाहा. पोप आठवे अर्बन यांचे पुतणे कार्डिनल फ्रांचेस्को यांना १६२५ साली फ्रान्सच्या तेराव्या लुईने रूबेन्सच्या चित्रांवरून विणलेले सात पडदे भेट दिले. कार्डिनलांनी रोमला परतून स्वतःचाच विणकामाचा कारखाना काढला. पुढे वारसांवर विकण्याची पाळी आली, आणि १८८९ साली चार्ल्स फोक या अमेरिकनाने एकदम १३५ पडदे विकत घेतले. तिथून फाटाफूट. येशूच्या चरित्राचे पडदे न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन कॅथेड्रलमध्ये आहेत. लुईच्या भेटीतले फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात.

तरीही आज हे भाऊबंद एकमेकांना ओळखतात. का? काठावर खुणा होत्या आणि घरात याद्या होत्या. बार्बेरिनींच्या सतराव्या शतकातल्या याद्या १९७५ साली छापूनही निघाल्या. २००१ च्या डिसेंबरात कॅथेड्रलला आग लागून दोन पडदे होरपळले, तेव्हा नेमके काय होरपळले हे जगाला सांगता आले. निनावी पडदा जळाला असता, तर केवळ लोकर आणि रेशीम जळाले असते.

कुणी म्हणेल, वारसांनी विकू नये काय? खुशाल विकावे! पोटाची खळगी कुलचिन्हाने भरत नाही. माझे भांडण विक्रीशी नाही, मुकाट्याने केलेल्या विक्रीशी आहे. पडद्याबरोबर चार ओळींचा कागद द्यायला काय खर्च येतो? आणि ‘सुंदर आहे, पुरे’ म्हणणाऱ्यांना सांगतो, माहितीवाचून सौंदर्याला वाली नसतो. १७९७ साली फ्रान्सच्या सरकारने राजसंग्रहातले पडदे जाळले, का? आतले सोने-रुपे हाती यावे म्हणून. हिशेब भावाचाच उरला की शेवट भट्टीतच होतो.

फ्रेंचांना हसण्याचा अधिकार मला नाही. माझ्या आजीचा शालू आम्हीच जरीच्या भावाने विकला. किती पैसे आले ते वडिलांच्या वहीत आहे; तो कुठे विणला, तिला कुणी नेसवला, ते कुठेच नाही. सांगणारी आजी तेव्हा माजघरातच बसली होती. तिला कुणी विचारलेच नाही.

म्हणून या दिवाळीत ट्रंका उघडाल तेव्हा बोहारणीला हाक मारण्याआधी आजीला हाक मारा. एक कागद घ्या, ती सांगेल ते लिहा, आणि पैठणीच्या घडीत ठेवा. काठ मात्र कापू नका!