चौदा ते अठरा : कोणत्याच खात्याची नसलेली वर्षे

चौदाव्या वर्षी भारतीय मुलाचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क संपतो आणि अठराव्या वर्षी त्याचा मताधिकार सुरू होतो. मधल्या चार वर्षांत तो मुलगा किंवा ती मुलगी नेमकी कोणाची जबाबदारी, असा प्रश्न दिल्लीत विचारला तर चार मंत्रालयांकडून चार उत्तरे मिळतात. शाळेत असेल तर शिक्षण मंत्रालयाची, मुलगी असेल आणि ‘आकांक्षी’ जिल्ह्यात राहत असेल तर महिला व बालविकास मंत्रालयाची, कामावर सापडला तर कामगार मंत्रालयाची आणि प्रशिक्षण केंद्रात नाव नोंदवले असेल तर कौशल्य विकास मंत्रालयाची. यांपैकी कोठेच नसेल तर तो कोणाचाच नाही. मतदार नसल्याने राजकीय पक्षांना त्याची निकड नाही. कौशल्य विकासाच्या घोषणांना या देशात तोटा नाही. त्या घोषणांचा लाभ ज्यांना सर्वाधिक हवा, त्या वंचित किशोरवयीनांपर्यंत तो का पोहोचत नाही, याचे उत्तर या वाटणीत दडलेले आहे.

आकडे बोलके आहेत. ‘असर’ने २०२३ मध्ये २६ राज्यांतील २८ ग्रामीण जिल्ह्यांत चौदा ते अठरा वयोगटाची पाहणी केली. चौदा वर्षांच्या मुलांपैकी ३.९ टक्के शिक्षणव्यवस्थेबाहेर होती. अठराव्या वर्षी हे प्रमाण ३२.६ टक्क्यांवर गेले. एक चतुर्थांश मुलांना आपल्या भाषेतील दुसरीच्या पातळीचा उतारा अस्खलित वाचता येत नव्हता. व्यवसाय प्रशिक्षण घेणारे होते अवघे ५.६ टक्के, आणि त्यांतही महाविद्यालयात पोहोचलेल्यांचे प्रमाण सर्वांत जास्त, म्हणजे १६.२ टक्के. जो आधीच पुढे गेला त्यालाच प्रशिक्षण मिळते. जो मागे राहिला तो तेथेही मागेच राहतो. सरकारची स्वतःची पाहणी याहून वेगळे सांगत नाही. २०२२-२३ च्या श्रमबल पाहणीनुसार पंधरा ते एकोणतीस वयोगटात औपचारिक प्रशिक्षण घेतलेले तरुण ४.४ टक्के होते, तर अनौपचारिक मार्गाने हुन्नर शिकलेले १६.६ टक्के. म्हणजे या देशातील कारागीर आजही प्रामुख्याने संस्था घडवीत नाहीत. बाप, काका, मामा आणि मुकादम घडवितात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. दिल्लीपासून केरळपर्यंतच्या सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारी सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव परिसरातील कुटुंबे त्याचे जिवंत उदाहरण आहेत. दुष्काळी गावातून निघालेला मुलगा एखाद्या नातेवाइकाच्या दुकानात पोहोचतो, झाडलोटीपासून आरंभ करतो, भट्टी सांभाळतो, आम्लाच्या धुरात उभा राहून शुद्धता ओळखावयास शिकतो आणि काही वर्षांनी स्वतःचे दुकान थाटतो. या परंपरेने दुष्काळी तालुक्यांना तारले. पण तिच्या मर्यादाही तितक्याच उघड आहेत. ज्याला असा नातेवाईक आहे त्यालाच ही वाट खुली. मुलींना ती जवळजवळ बंदच. शिकत असलेल्या मुलाच्या आरोग्याची वा शिक्षणाची हमी कोणी द्यावयाची, हे संबंधितांच्या चांगुलपणावर सोपविलेले. ज्यांना मामा-काका नाहीत, त्यांच्यासाठी ते काम राज्यसंस्थेने करावयाचे, हाच सार्वजनिक प्रशिक्षणव्यवस्थेचा मूळ अर्थ आहे.

राज्यसंस्थेने काय केले? २००९ च्या राष्ट्रीय कौशल्य विकास धोरणाने २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना प्रशिक्षित करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय आले, २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल विकास योजना आली. २०२२ हे वर्ष आले आणि गेले. ५० कोटींचा उच्चार तोवर कोणी करेनासा झाला होता. दोष एका पक्षाचा नाही. उद्दिष्ट एका सरकारने फुगविले आणि मोजणीची पद्धत दुसऱ्याने सैल केली. २०१६ ते २०२० या दुसऱ्या टप्प्यासाठी एक कोटी लोक आणि १२ हजार कोटी रुपये अशी तरतूद झाली; म्हणजे माणशी सरासरी १२ हजार. या एक कोटींतील ४० लाख हे नव्याने शिकणारे नव्हतेच. आधीपासून काम येत असलेल्यांना प्रमाणपत्र देऊन ती संख्या गाठावयाची होती. प्रशिक्षण संस्थेला ३० टक्के रक्कम वर्ग सुरू होताच, ५० टक्के प्रमाणपत्रानंतर आणि केवळ २० टक्के रोजगार मिळाल्यावर मिळे. चार पंचमांश पैसा नोकरीपूर्वीच हाती येत असेल तर संस्था कोणत्या गोष्टीसाठी धडपडेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालाने या व्यवस्थेचे अंतरंग उघडे केले. लाभार्थींच्या नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा वा निरर्थक आढळला. अल्पकालीन प्रशिक्षण व विशेष प्रकल्पांतून प्रमाणपत्र मिळविलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच रोजगार मिळाल्याची नोंद होती. योजनेच्या चौथ्या टप्प्यात तर रोजगाराची सांगडच या प्रशिक्षणापासून सोडविण्यात आली. ताप जास्त दिसतो म्हणून तापमापक फेकून देण्याचाच हा प्रकार.

वंचित किशोरांच्या दृष्टीने याहून गंभीर बाब आहे ती प्रवेशाच्या उंबरठ्याची. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र येथून ‘नव्या’ हा प्रकल्प सुरू झाला. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलींना अपारंपरिक क्षेत्रांतील कौशल्ये देण्याचा, १९ राज्यांतील २७ जिल्ह्यांत सुरू झालेला हा प्रयोग निःसंशय स्वागतार्ह आहे. दोन मंत्रालये या वयोगटासाठी एकत्र आली, हेही विशेष. पण पात्रता काय? किमान दहावी उत्तीर्ण. ज्या जिल्ह्यांची निवडच मागासलेपणामुळे झाली, तेथे दहावीपूर्वी शाळा सुटलेली मुलगी या योजनेच्या दारातूनच परत जाणार. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही आठवीनंतर प्रवेश मिळेल असे व्यवसाय मोजकेच आहेत. २०२४ मध्ये गाजावाजा करून आलेली प्रधानमंत्री इंटर्नशिप योजना सुरू झाली ती २१ ते २४ वयोगटासाठी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने चौदाव्या वर्षापासून उमेदवारीस मुभा दिली आहे खरी. परंतु धोक्याच्या उद्योगांत ही मर्यादा अठरा आहे आणि अन्यत्रही मालक अल्पवयीनाची जोखीम पत्करण्यास राजी नसतो. पंधराव्या वर्षी कौशल्य योजनेत नाव घालता येते, सोळाव्या वर्षी प्रमाणपत्र मिळते आणि पुढची दोन वर्षे ते ट्रंकेत पडून राहते. तोवर मुलगा वीटभट्टीवर आणि मुलगी बोहल्यावर गेलेली असते.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घ्यावयास हवा. गरिबांच्या मुलांना लवकर हुन्नर शिकवा, असे म्हणणे म्हणजे त्यांना पुस्तकापासून दूर ठेवण्याची सोय तर नव्हे? ही शंका हवेतली नाही. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा व्यवसाय अशी योजना आणली. जातीचा धंदा जातीतच ठेवण्याचा हा डाव आहे, असा उद्रेक झाला. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी ती योजना मागे घेतली. तो विरोध योग्यच होता. मात्र त्याच प्रश्नाला महाराष्ट्राने त्याआधी सत्तर वर्षे वेगळे उत्तर दिले होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुल्यांनी लेखन, वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीला शेतीच्या ज्ञानाचाही आग्रह धरला. ज्ञानाऐवजी काम हे राजाजींच्या योजनेचे सूत्र होते, तर ज्ञानासह काम हे फुल्यांचे. वंचितांसाठीच्या कोणत्याही कौशल्य योजनेची कसोटी हीच असावयास हवी : ती पुढच्या शिक्षणाचे दार उघडे ठेवते की बंद करते?

हे दार उघडे ठेवता येते, याचा दाखला पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम सुरू केला तो शाळा सोडलेल्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. तेथे मुलाला एकाच कामाला जुंपत नाहीत. वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, अन्नप्रक्रिया अशी निरनिराळी कामे तो प्रत्यक्ष करतो, गावाला सेवा देतो आणि त्यातून मोजमाप, हिशेब व विज्ञान शिकतो. या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यताही मिळाली. प्रयोग लहान आहे आणि तो जशाच्या तसा देशभर उभारता येणार नाही. पण तीन महिन्यांच्या वर्गात एकाच यंत्राचे बटण दाबावयास शिकवून मुलाला ‘कुशल’ ठरविणाऱ्या व्यवस्थेने त्याच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

उपाय अज्ञात नाहीत. पहिला, आठवीचीच नव्हे तर त्याखालील पातळीही गृहीत धरून मुलांना प्रवेश द्यावा आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या महिन्यांत वाचन व अंकगणित पक्के करावे. जो माप वाचू शकत नाही तो फिटर होऊ शकत नाही. दुसरा, विद्यावेतन. गरीब घरातील सोळा वर्षांच्या मुलाची मजुरी हा घरखर्चाचा भाग असतो. ती बुडत असेल तर मोफत प्रशिक्षणही त्याला महाग पडते. तिसरा, वसतिगृह. दिवाळीनंतर बीडहून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबातील मुलगी मागे राहून शिकेल ती तिच्या सुरक्षित निवाऱ्याची सोय असेल तरच. चौथा, आई-बापांबरोबर राज्य ओलांडणाऱ्या मुलांसाठी एका राज्यात घेतलेले प्रशिक्षण दुसऱ्या राज्यात पुढे चालू ठेवण्याची सोय. आणि पाचवा, संस्थांना द्यावयाच्या रकमेचा मोठा भाग वर्षभरानंतर मुलगा वा मुलगी रोजगारात अथवा शिक्षणात टिकली आहे का, यावर अवलंबून ठेवणे.

पैसा नाही ही सबब आता चालणार नाही. आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने मे २०२५ मध्ये ६० हजार कोटींची योजना मंजूर केली. एक हजार संस्था अद्ययावत करून पाच वर्षांत २० लाख युवकांना प्रशिक्षण देण्याचा संकल्प आहे. या संस्थांतील काही जागा शाळा सुटलेल्या चौदा ते अठरा वयाच्या मुला-मुलींसाठी, पायाभूत वर्गासह, राखून ठेवावयाच्या की तेथेही दहावी-बारावीच्या गुणांची रांगच लावावयाची, हा निर्णय फायलींवरच व्हावयाचा आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने १९९५ पर्यंत उच्च माध्यमिक स्तरावरील २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळविण्याचे ठरविले होते; २०२० च्या धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना त्याची ओळख करून देण्याचे. दोन्ही तारखा उलटून गेल्या.

राजधानीत मराठी अधिकाऱ्यांची संख्या कमी नाही आणि त्यांच्यापैकी अनेकांनी जिल्हा पातळीवर काम करताना ही मुले जवळून पाहिली आहेत. पुढच्या योजनेचा मसुदा समोर येईल तेव्हा ‘किमान पात्रता’ या रकान्यात काय लिहिले आहे, तेवढे त्यांनी पाहावे. लाखो मुलांचे भवितव्य बहुधा त्या एका ओळीतच ठरते.